स्लाइडवर नेमकं बघायचं काय? पेशी आणि ऊती, अगदी सुरुवातीपासून

निळी_जांभळी

सोसायटीतल्या पोरांना रविवारी मायक्रोस्कोप दाखवायला बसते, तेव्हा बहुतेकांना सापडणारी पहिली 'पेशी' म्हणजे हवेचा बुडबुडा. गोल गरगरीत, कडेला जाड काळी रेघ, आत लख्ख पांढरं. "काकू, सापडली!" म्हणून गलका. खरी पेशी इतकी टापटीप कधी नसते. बुडबुडा ओळखता आला की अर्धा गड सर.

मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते, आता निवृत्त. तुकडे कापायचे, रंगवायचे, स्लाइड डॉक्टरांपुढे ठेवायची, हेच काम. सोसायटीच्या ग्रुपवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून इथे एकदाच सविस्तर लिहिते.

सुरुवात गालाच्या पेशींनी करा, फुकट मिळतात आणि दुखत नाही. चूळ भरा, कापसाच्या काडीने गालाची आतली बाजू हलकेच घासा, स्लाइडवरच्या सलाइनच्या थेंबात काडी फिरवा. त्यावर मिथिलिन ब्ल्यूचा एक थेंब. माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात हे मिळतं, मात्र फार गडद असतं, आकाशी होईतो पाणी घाला. मिनिटभराने कव्हर स्लिप एका कडेने टेकवून हळूच आडवी सोडा. वरून धप्पकन टाकली की बुडबुडे आलेच. जास्तीचा रंग टिपकागदाने कडेकडेने ओढून घ्या.

बघायला ४ एक्सच्या (चार पट दाखवणाऱ्या) लेन्सपासून लागा. थेट ४० वर उडी मारणारा स्लाइड फोडतो, लेन्सला ओरखडा पाडतो आणि वर "काहीच दिसत नाही" म्हणतो. ४ वर निळसर पुंजका शोधायचा, मधोमध आणायचा, मग १०, मग ४०. आणि उजेड कमी करा! कंडेन्सरखालची आयरिस, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची झडप, निम्मी मिटली की कडा उठून दिसतात.

४० एक्सला पातळ, वेडीवाकडी, बहुकोनी पेशी दिसेल. रुंदी ५०-६० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), एखादा कोपरा दुमडलेला, मध्ये केंद्रकाचा गडद निळा ठिपका, बाकी पेशीद्रव्य फिकट आणि रवाळ. पेशीच्या अंगावर जे बारीक निळे कण दिसतात ते तोंडातले जिवाणू. ते बघितल्यापासून पोरं रात्रीही दात घासायला लागली, असं त्यांच्या आया सांगतात.

ऊतींचं तंत्र वेगळं. तिथे एकट्या पेशीवर भागत नाही, पेशी एकमेकींशेजारी कशा बसल्यात ते बघावं लागतं. शाळेत चार प्रकार पाठ करून घेतात, अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता, आणि मुलं स्लाइडवर ते चार शब्द शोधत बसतात. मी म्हणते नावं बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी बघा. कुठे मोकळी कड आहे का? पेशी चिकटून आहेत की लांब लांब? केंद्रक कुठे आहे, कसं आहे?

मोकळी कड आणि दाटीवाटी दिसली तर अभिस्तर ऊती. हिची एक बाजू हवेकडे, अन्नाकडे किंवा लघवीकडे उघडी, दुसरी तळपटलावर, म्हणजे खालच्या पातळ पडद्यावर, टेकलेली. हिच्यात रक्तवाहिन्या नसतात, पोषण खालून झिरपून येतं. फुप्फुसाच्या वायुकोशांत हा थर एकपदरी आणि इतका पातळ की केंद्रकाच्या जागी फुगवटा येतो. आतड्यात उंच स्तंभाकार पेशी, केंद्रकं तळाशी ओळीत, मधूनमधून चषक पेशी. चषक पेशीतला श्लेष्मा नेहमीचा रंग घेत नाही, म्हणून ती पांढुरकी, रिकामी वाटते. श्वासनळीत कडेला केसाळ झालर. त्वचेत थरावर थर, अगदी वरचे थर मेलेले, त्यांत केंद्रकच नाही.

पेशी लांब लांब आणि मध्ये भरपूर 'माल' असेल तर संयोजी. कूर्चेत पेशी एकेकट्या किंवा दोघी-दोघी खळग्यात बसलेल्या. हाडात एका नळीभोवती वर्तुळामागून वर्तुळ. चरबी यातच आणि रक्तही यातच, मधला माल तिथे पातळ एवढंच.

स्नायूंचं थोडक्यात: सांगाड्याच्या स्नायूत आडवे पट्टे, केंद्रकं पुष्कळ आणि कडेला. हृदयात पट्टे आहेत पण तंतूंना फाटे फुटलेले, केंद्रक मध्ये. आतड्याच्या भिंतीतल्या स्नायूंत पट्टे नाहीत, पेशी दोन्ही टोकांना निमुळत्या. चेतापेशी एका स्लाइडवर अख्खी दिसेल ही आशा सोडा. कण्यापासून पायाच्या अंगठ्याकडे जाणारा तिचा तंतू मीटरभर लांब असू शकतो, आपण कापतो ती चकती काही मायक्रॉनची.

रंगांबद्दल विचाराल तर खाली लिहीन.

बांधावरचा

ताई, भारी लिहिलंय. मी दिंडोरी तालुक्यातला, द्राक्षवाला. ऑक्टोबर छाटणीआधी वेलीच्या डोळ्यात (फुटणाऱ्या कळीत) घड आहे का बघायला आमच्या गटाने दोन भिंगांचा मायक्रोस्कोप घेतलाय. डोळा ब्लेडने उभा कापला की आतला बारीक घड झकास दिसतो. त्यावर धाकटीने गालाच्या पेशी बघायचा प्रयत्न केला, नुसता निळा डाग. मशीन गंडलंय का?

निळी_जांभळी

मशीन ठणठणीत आहे दादा, काम वेगळं आहे. तुमचा तो स्टिरिओ मायक्रोस्कोप. उजेड बहुतेक वरून पडतो, वस्तू जाडजूड असली तरी चालते, मोठं होतं साधारण १० ते ४० पट. डोळ्यातल्या घडाला तेवढं पुष्कळ. पेशीला उजेड खालून, आरपार जावा लागतो आणि किमान १०० पट तरी हवंच, ४०० असेल तर उत्तम. शाळेत असतो तो कंपाउंड. त्याच्या १० च्या आयपीसला ४० चं ऑब्जेक्टिव्ह लावलं की ४०० पट.

धाकटीला घरीच बघायचं असेल तर फोल्डस्कोप मागवा. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांनी केलेला कागदाचा घडीचा मायक्रोस्कोप, १४० पट मोठं दाखवतो. गालाची पेशी आणि तिचं केंद्रक दिसेल.

बांधावरचा

बरं झालं विचारलं. दुकानदाराकडे भांडायला निघालो होतो.

श्रावणसरी

थोडं वेगळं विचारते. सासूबाईंच्या लघवीच्या रिपोर्टमध्ये 'एपिथेलियल सेल्स ८-१०, पस सेल्स २-३' आलंय. शेवटी एचपीएफ असं काहीतरी. 'पस' वाचून त्या घाबरल्यात आणि मी 'एपिथेलियल' वाचून. ही या धाग्यातलीच अभिस्तर का?

पॅथॉलॉजीवाला

तीच. मूत्रमार्गाच्या शेवटच्या भागाच्या आणि बाहेरच्या त्वचेच्या पेशी झडतात आणि लघवीबरोबर येतात. काकूंनी गालाच्या ज्या चपट्या पेशी वर्णन केल्यात, जवळपास तशाच दिसतात. बायकांच्या नमुन्यात त्या थोड्या जास्तच असतात. खूप आल्या तर आधी शंका नमुन्यावर घ्यायची: स्वच्छता न करता किंवा पहिली धार घेतली असेल. मधली धार घ्यायची असते.

पस सेल्स म्हणजे पांढऱ्या रक्तपेशी, बहुतेक न्यूट्रोफिल. एचपीएफ म्हणजे हाय पॉवर फील्ड, ४० च्या लेन्समधून एका वेळी दिसणारं वर्तुळ. अशी अनेक वर्तुळं बघून सरासरी लिहितात. पाचपर्यंत पस सेल्स सहसा काळजीच्या नसतात. जळजळ, ताप असं काही असेल तर आकडा कितीही असो, तुमच्या डॉक्टरांना दाखवा. इथे निदान करत नाही.

एक सांगून ठेवतो. नमुना तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोचला पाहिजे. सकाळी सातला बाटली भरून दुपारी बाराला आणणारे रोज भेटतात. तोवर पेशी फुटायला लागतात, जिवाणू वाढतात, आणि मग आम्ही चुकीचा रिपोर्ट देतो म्हणून बोंब.

श्रावणसरी

धन्यवाद डॉक्टर. सासूबाईंना वाचून दाखवलं. "मग आधी का नाही सांगितलं मधली धार" म्हणतायत. 😀

मास्तर_नाशिकरोड

नववीला ऊती शिकवतो. आमच्याकडे (शाळेचं नाव नको) मायक्रोस्कोप आहेत, पण कपाटात. किल्ली एकाकडे, ते रजेवर. मोठ्या मिनतवारीने कपाट उघडलं तर कायमस्वरूपी स्लाइड्स इतक्या जुन्या की सगळंच फिक्कट गुलाबी. असो, गाऱ्हाणं पुरे.

मुलांनी दोन प्रश्न विचारले, दोन्हींवर गडबडलो. एक, चरबीच्या पेशी आतून रिकाम्या का? चरबीने भरलेल्या असायला हव्यात ना? दोन, कितीतरी पेशींत केंद्रकच दिसत नाही, मग 'प्रत्येक पेशीत केंद्रक' असं का शिकवता?

निळी_जांभळी

मास्तर, मुलं हुशार आहेत तुमची.

चरबी आम्ही धुऊन टाकलेली असते! मेणात घालण्याआधी तुकडा अल्कोहोल आणि झायलीनमधून काढावा लागतो, त्यात चरबी विरघळून जाते. उरतं ते पातळ आवरण आणि एका बाजूला रेटलेलं चपटं केंद्रक. चरबी जाग्यावर ठेवून बघायची तर तुकडा गोठवून कापायचा आणि ऑइल रेड ओसारखा चरबी धरणारा रंग द्यायचा. मग थेंब लालभडक दिसतात.

दुसऱ्याचं उत्तर कापण्यात आहे. उकडलेल्या अंड्याच्या चकत्या केल्या तर टोकाकडच्या चकतीत बलक येत नाही, म्हणून अंड्यात बलक नव्हता असं होत नाही. आमची चकती ३ ते ५ मायक्रॉनची, पेशी त्याहून बरीच जाड. सुरी केंद्रकाच्या वरून गेली की ती पेशी बिनकेंद्रकाची दिसणार. नळी तिरपी कापली तर लंबगोल, आणि एकपदरी थर तिरपा कापला तर उगाच तीन-चार पदरी भासतो. त्यात भलेभले फसतात.

तांबड्या पेशी मात्र खरोखरच केंद्रकाविना. अस्थिमज्जेत तयार होताना ते टाकून देतात आणि साधारण १२० दिवस तशाच फिरतात. मुलांना हेही सांगा की शरीरातल्या पेशींची संख्या मोजली तर सगळ्यात जास्त भरणा या तांबड्या पेशींचाच आहे. म्हणजे 'प्रत्येक पेशीत केंद्रक' हे वाक्य पुस्तकातून काढलेलं बरं.

आणि तो फिक्कटपणा: स्लाइड उन्हात, ट्यूबलाइटखाली उघडी राहिली की रंग उडतो. डब्यात, अंधारात ठेवा.

चहाबाज

बायोप्सीचा रिपोर्ट यायला चार-पाच दिवस का लागतात हो? रक्ताचा तर संध्याकाळी मिळतो. मध्ये एका नातेवाइकाच्या वेळी जीव टांगणीला लागला होता. तुकडा तर एवढासा!

पॅथॉलॉजीवाला

रास्त प्रश्न. रक्त आधीच सुटं असतं, काचेवर पसरलं की झालं. तुकडा तसा पसरता येत नाही, पातळ कापावा लागतो, आणि कापण्याइतका घट्ट आधी करावा लागतो.

आधी १० टक्के फॉर्मालिन. ते आत शिरतं ताशी सुमारे एक मिलिमीटर या वेगाने, म्हणजे मोठा अवयव असेल तर रात्र जाते. मग चढत्या अल्कोहोलमधून पाणी काढायचं, झायलीनमध्ये अल्कोहोल काढायचं, साठेक अंशांवर वितळलेल्या मेणात बुडवायचं. हे मशीनमध्ये रात्रभर चालतं. सकाळी मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक. मग कापणं, रंगवणं, बघणं. कधी एका रंगाने उत्तर मिळत नाही, खास रंग किंवा इम्युनोच्या चाचण्या लागतात, की दोन-तीन दिवस वाढले. हाड असेल तर आधी आम्लात ठेवून त्यातला कॅल्शियम काढायचा, त्यालाच कित्येक दिवस.

उशीर कधी कधी आमच्याकडे पोचण्याआधीच झालेला असतो. तुकडा सलाइनमध्ये, स्पिरिटमध्ये, एकदा तर चक्क कोरड्या बाटलीत आला होता. शरीराबाहेर पडल्याक्षणी पेशी स्वतःच्याच विकरांनी विरघळायला लागतात, आतड्याचं अस्तर सगळ्यात आधी. मग कितीही दिवस घ्या, स्लाइडवर चिखल.

निळी_जांभळी

कापण्याचं मी सांगते, ते आमचं खातं. मायक्रोटोमचं चाक फिरवलं की ब्लॉक सुरीवरून खाली येतो आणि एकेक चकती मागच्या चकतीला चिकटून फीत तयार होते. एप्रिलच्या उन्हाळ्यात मेण मऊ पडतं, चकत्या चुरगळतात, म्हणून ब्लॉक बर्फावर ठेवून कापायचा. फारच कोरडा असला तर त्यावर हलकेच "हाः" करून वाफ सोडायची, मग फीत अखंड सुटते. हे कुठल्या पुस्तकात वाचलं नाही, सीनियर बाईंनी दाखवलं. फीत ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या आपोआप पसरतात, आणि पाण्याखालून काच घालून अलगद उचलायची. सुरीला खाच असेल तर सबंध ऊतीवर सरळ रेघ उमटते. नवीन डॉक्टर तिला काहीतरी आजार समजतात. 😄

आता राहिलेले रंग. सगळ्यात चालणारी जोडी हिमॅटॉक्सिलीन आणि इओसिन. हिमॅटॉक्सिलीन मध्य अमेरिकेकडच्या एका झाडाच्या लाकडातून येतं. ते एकटं पेशीला धरत नाही, त्यात तुरटी घालावी लागते, रंगारी कापडाला घालतात तीच. त्याने केंद्रक निळं-जांभळं होतं. इओसिनने पेशीद्रव्य आणि तंतू गुलाबी. माझ्या आयडीचं गूढ उकललं असेल.

जुना_नाशिककर

वाचनखूण साठवली. आमच्या वेळी जीवशास्त्र म्हणजे बेडूक.

मास्तर_नाशिकरोड

मुलांना रक्तही बघायचंय. लॅन्सेटने बोट टोचून थेंब घ्यावा म्हणतो, पालकांची परवानगी घेऊन. काय वाटतं?

पॅथॉलॉजीवाला

नको. चाळीस मुलं, गडबड, एखादी लॅन्सेट दुसऱ्याला लागली तर कावीळ बी, सी, एचआयव्ही या सगळ्याची टांगती तलवार. परवानगीच्या कागदाने जंतू थांबत नाहीत.

चहाबाज

आम्ही कॉलेजात सर्रास टोचायचो की, काही झालं नाही.

पॅथॉलॉजीवाला

हेल्मेटशिवायही पुष्कळ लोक घरी पोचतात. मास्तर, रंगवलेल्या तयार रक्ताच्या स्लाइड विकत मिळतात, त्या आणा. आम्ही लीशमन वापरतो: आधी नुसता रंग दोनेक मिनिटं, त्यातल्या मिथेनॉलने पेशी काचेला बसतात, मग पीएच ६.८ चं बफरचं पाणी दुप्पट घालून सात-आठ मिनिटं.

मुलांना स्लाइडचा जाड भाग दाखवू नका, तिथे पेशींची चळत लागलेली असते. शेपटीकडे, जिथे त्या एकेकट्या सुट्या होतात, तिथे या. तांबडी पेशी ७-८ मायक्रॉन, मधला तिसरा हिस्सा फिकट. पांढऱ्यांत न्यूट्रोफिलचं केंद्रक दोन ते पाच तुकड्यांचं, बारीक धाग्यांनी जोडलेलं. लहान लिम्फोसाइटचं केंद्रक जवळपास तांबड्या पेशीएवढं असतं आणि तीच आमची मोजपट्टी. तांबड्या पेशी त्याहून लहान आणि मध्ये जास्त पांढुरक्या दिसल्या की पहिला विचार लोहाच्या कमतरतेचा. आणखी एक गंमत: बायकांच्या काही थोड्या न्यूट्रोफिलना केंद्रकावर ढोलाच्या टिपरीसारखी चिमुकली गाठ असते. तो निष्क्रिय झालेला एक्स गुणसूत्र.

सुरगाणेकर

आरोग्य विभागात फील्डवर काम करतो. आमच्याकडे, पेठला, हरसूल भागात सिकल सेलची तपासणी चालते. लोक विचारतात, रक्त मायक्रोस्कोपखाली बघितलं की विळ्यासारख्या पेशी दिसतातच ना? मग दुसरी टेस्ट कशाला?

पॅथॉलॉजीवाला

तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात कामाचा. आजार असलेल्याच्या, म्हणजे दोन्ही जनुकं सिकलची असलेल्याच्या, स्लाइडवर विळ्याच्या पेशी दिसतात. वाहकाच्या, म्हणजे एकच जनुक सिकलचं असलेल्याच्या, स्लाइडवर मात्र सहसा काहीही दिसत नाही. पेशी गोल, छान. म्हणून 'मायक्रोस्कोपखाली नॉर्मल' यावरून 'सिकल नाही' असं कुणाला सांगू नका. सोल्युबिलिटी टेस्टने चाळणी करायची, मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचण्यांनी खात्री.

दोष इवलासा आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. ऑक्सिजन कमी पडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्या होतात, पेशी ताणली जाते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, म्हणून ते असह्य दुखणं. वाहकाला एरवी त्रास नसतो. प्रश्न लग्नाच्या वेळी येतो: दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. १ जुलै २०२३ ला केंद्राचं सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यात तपासणीनंतर कार्ड देतात ते याचसाठी.

सुरगाणेकर

हेच शब्द उद्याच्या बैठकीत सांगतो. 'स्लाइड चांगली आली' म्हणून दोन घरं कार्ड करायला नाही म्हणाली होती.

फर्स्ट_इयर

सर, काकू, मदत! पहिल्या वर्षाला आहे, हिस्टोलॉजीचे स्पॉटर (स्लाइड बघून ओळखायचे प्रश्न) डोक्यावरून जातायत. आमच्या आरोग्य विद्यापीठाच्या परीक्षेत लांबलचक गुलाबी काहीही आलं की मला अनैच्छिक स्नायू, दाट तंतुमय ऊती आणि चेता तिन्ही सारखंच वाटतं. शिवाय मूत्राशयाचं अस्तर आणि अन्ननलिकेचं अस्तर यात फरक कळत नाही.

निळी_जांभळी

केंद्रकं बघ. स्नायूत केंद्रक पेशीच्या आत, लांबट, बोथट टोकांचं, आकसलेला असेल तर पीळ पडलेलं. तंतुमय ऊतीत तंतू जास्त गुलाबी, आणि केंद्रकं बारीक, काळपट, तंतूंच्या *मध्ये* चेपलेली. चेता लाटालाटांनी जाते, बाहेरून वेटोळं आवरण असतं. तरी शंका राहिली तर मॅसनच्या ट्रायक्रोममध्ये स्नायू लाल आणि कोलॅजन निळं किंवा हिरवं, पण परीक्षेत तो चॉइस नाही तुला.

पॅथॉलॉजीवाला

अस्तराचं उत्तर सगळ्यात वरच्या थरात. अन्ननलिकेत वर वर जाताना पेशी चपट्या होत जातात. रिकाम्या मूत्राशयात वरच्या पेशी मोठ्या, घुमटासारख्या, आत फुगलेल्या, कधी दोन केंद्रकांच्या. भरलेलं मूत्राशय कापलेलं असेल तर तेच अस्तर ताणून दोन-तीन थरांचं दिसतं, तिथे घोळ होतो. आणि स्लाइड हातात आली की आधी उजेडात धरून नुसत्या डोळ्यांनी बघ. नळी आहे, पिशवी आहे की भरीव, एवढं कळलं तरी अर्धे पर्याय गळतात.

फर्स्ट_इयर

सर, नुसत्या डोळ्यांनी बघणं कुणी सांगितलंच नव्हतं. परवा प्रॅक्टिकल आहे. फक्त एक, कूर्चेत हायलाइन आणि इलॅस्टिक साध्या एच अँड ई (हिमॅटॉक्सिलीन-इओसिन) मध्ये कसं वेगळं करायचं?

निळी_जांभळी

अवघड आहे. हायलाइन काचेसारखी गुळगुळीत, निळसर. इलॅस्टिकमध्ये पेशी जास्त, मोठ्या, मधला माल कमी आणि किंचित धाग्यांचा, गुलाबीकडे झुकणारा. आजूबाजूला बघ: त्वचा आणि केसांची मुळं दिसली तर बाहेरचा कान, म्हणजे इलॅस्टिक. केसाळ झालरीचं अस्तर दिसलं तर श्वासनळी, म्हणजे हायलाइन.